नळीच्या तोंडाशी होणारा गुणाकार



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना वक्ते सहसा एखादे शतक घेतात, निदान दशक तरी. मी आज घेतलेला कालावधी अर्ध्या सहस्रांश सेकंदाचा आहे आणि त्यातला प्रवास वीतभरही नाही. दहा मीटर एअर रायफलचा छर्रा नळीबाहेर पडतो तेव्हा त्याला आतून ढकलत आणणारी हवाही त्याच्यामागोमाग बाहेर पडते आणि, ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण काही क्षण त्याला मागे टाकून पुढे धावते. या झोतामुळे नेम बिघडतो का, बिघडत असेल तर किती आणि कसा, एवढाच आजचा प्रश्न आहे. नेमबाजांमध्ये यावर दोन तट आहेत. नळीच्या पुढे झोत बाजूला काढणारा शंकू, म्हणजे ज्याला सगळे ‘एअर स्ट्रिपर’ म्हणतात तो, बसवला की रायफलचे नशीबच पालटते, असे एक तट म्हणतो. दुसऱ्याच्या मते तो निव्वळ दागिना आहे. दोन्हीकडे जाणती, अनुभवी माणसे आहेत आणि दोन्हीकडची निरीक्षणे खोटी नाहीत. अशा वेळी मधला मार्ग काढून दोघांनाही थोडे थोडे बरोबर ठरवण्याचा मोह होतो. मला तो नको आहे. माझे म्हणणे असे, की झोत स्वतः काही बिघडवत नाही. छर्ऱ्यात आधीच असलेल्या दोषाला तो गुणतो. एकदा हे मान्य केले की दोन्ही तटांची परस्परविरोधी निरीक्षणे एकाच नियमातून निघतात.

आधी मोजमाप पाहू, कारण या विषयातले बरेचसे वाद आकडे न मांडताच झालेले आहेत. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर, वजन सुमारे ०.५३ ग्रॅम, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला साधारण १७० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या निम्मा. दहा मीटर अंतर तो सुमारे ०.०६ सेकंदात कापतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. समोरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. छर्ऱ्याची कड त्या ठिपक्याला शिवली की १० गुण, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. पण दशांश गुणांच्या पद्धतीत या अडीच मिलिमीटरचे दहा भाग होतात आणि १०.९ मिळवायचे तर मध्य पाव मिलिमीटरच्या आत पडावा लागतो. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले तेव्हा प्राथमिक फेरीत पूर्णांकांनी गुण मोजत. चाळीसही शॉट अडीच मिलिमीटरच्या वर्तुळात, ही त्या काळातली परिपूर्णता होती. २०१३पासून प्राथमिक फेरीतही दशांश मोजले जाऊ लागले. २०२३च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश सिंह पनवार आणि ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर या तिघांनी मिळून १८९३.७ गुणांचा जागतिक विक्रम केला. एकशे ऐंशी शॉटांची ही सरासरी १०.५२ येते, म्हणजे शॉट सरासरीने केंद्रापासून सव्वा मिलिमीटरच्या आतच. खेळ तोच, रायफलही जवळपास तीच. बदलली ती फूटपट्टी, आणि ती दहापट बारीक झाल्याबरोबर पूर्वी कुणाच्या खिजगणतीत नसलेली कारणे हिशेबात आली.

ती पाव मिलिमीटरची चूक व्हायला नळीच्या तोंडाशी काय घडावे लागते? ०.०६ सेकंदात पाव मिलिमीटर सरकायचे तर छर्ऱ्याला आडवा वेग हवा सेकंदाला सुमारे चार मिलिमीटर. मुंगी यापेक्षा जलद चालते. पुढे जाणाऱ्या वेगाशी याचे प्रमाण चाळीस हजारांत एक असे पडते. ज्या हवेने छर्ऱ्याला पुढे १७० मीटरचा वेग दिला, तिच्या एकूण ढकलण्यातला चाळीस हजारावा हिस्सा वाट चुकून आडवा लागला, तर १०.९ गेलेच. मग या हवेच्या अखेरच्या क्षणाकडे दुर्लक्ष करून कसे चालेल?

आता त्या तोंडाशी जाऊ. स्पर्धेच्या रायफलची खरी नळी बाहेरून दिसते त्यापेक्षा बरीच आखूड, साधारण ४२ सेंटिमीटरची असते. पुढचा भाग हा दृष्टिरेषा लांबवणारी पोकळ जोडनळी. ४२ सेंटिमीटर लांब आणि ४.५ मिलिमीटर रुंद नळीचे आतले आकारमान साडेसहा घनसेंटिमीटरांहून थोडे जास्त भरते. छर्ऱ्याची ऊर्जा सुमारे पावणेआठ ज्यूल. भागाकार केला की नळीतला सरासरी दाब निदान अकरा-बारा वातावरणे निघतो. घर्षण धरले तर त्याहून अधिक. हवा पसरत जाते तसा तोंडाकडे हा दाब उतरतो, तरी दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या रायफलमध्ये छर्रा सुटताना तो बाहेरच्या हवेच्या दुपटीहून पुष्कळ वर असतो. दुपटीचा उल्लेख उगाच केलेला नाही. आतला दाब बाहेरच्या १.९ पटीपलीकडे गेला की तोंडातून सुटणारी हवा तिथेच ध्वनीच्या वेगाला पोचते, आणि बाहेर आल्यावर आणखी पसरून त्याहूनही वेगवान होते. कुकरची शिट्टी उडते तेव्हा तिथेही दाबाचे हेच गणित चालू असते. छर्रा मात्र ध्वनीच्या निम्म्या वेगाने चाललेला. म्हणजे सुटकेनंतरच्या क्षणी त्याला समोरून नव्हे, पाठीमागून वारा लागतो.

याआधीही एक झोत येऊन गेलेला असतो. नळीत छर्ऱ्याच्या पुढे असलेला हवेचा स्तंभ छर्रा ढकलत नेतो. साध्या ध्वनिशास्त्राच्या हिशेबाने त्या स्तंभाचा दाब शेवटी सुमारे ०.७ वातावरणाने चढतो आणि तो स्तंभ छर्ऱ्याच्या आधी बाहेर पडून पुढे धुराच्या कड्यासारखे एक वलय सोडतो. पण या पहिल्या झोतात छर्ऱ्याचा दोष मिसळायला वाव नसतो, कारण छर्रा तेव्हा अजून नळीच्या पकडीत आहे. त्यामुळे शॉटागणिक हा झोत जवळजवळ सारखाच असतो आणि आपण त्याला सोडून देऊ शकतो. हवेची अशी हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण छायाचित्राला दिसते. आउगुस्ट टोपलर याने १८६४ साली घनतेतला फरक प्रकाशाने टिपण्याची युक्ती काढली, आणि १८८६मध्ये एर्न्स्ट माख व पीटर साल्खर यांनी ती वापरून उडत्या गोळीभोवतीच्या धक्कालहरी काचेवर उतरवल्या. नळीच्या तोंडाशी वायू गोळीला मागे टाकतो, हे तेव्हापासूनच्या छायाचित्रणाने सिद्ध झालेले आहे. वाद आहे तो त्याच्या परिणामाविषयी.

छर्ऱ्याचा आकार इथे निर्णायक ठरतो. त्याला जगभर ‘डायबोलो’ म्हणतात, दोरीवर फिरवायच्या एका खेळण्यावरून. आपल्याकडे त्याला सरळ डमरू म्हणता आले असते. पुढे भरीव सपाट डोके, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ पातळ घेर. वजन पुढे, घेर मागे; त्यामुळे समोरून वारा लागला की घेर मागे ओढला जातो आणि छर्रा सरळ राहतो. बॅडमिंटनचे फूल ज्या कारणाने नेहमी बूच पुढे करून उडते तेच हे कारण. आता त्याच फुलावर पिसांच्या बाजूने जोराचा वारा सोडा. समोरून लागणाऱ्या वाऱ्यात जी रचना त्याला सावरत होती, तीच आता त्याला उलटवू पाहते. थोडे कलले तर वारा तो कल वाढवतो. तोंडातून सुटल्यावरच्या पहिल्या पाचेक सेंटिमीटरांत छर्ऱ्याची अवस्था अशी असते: एरवी पाठीराखा असलेला घेर त्या क्षणापुरता शत्रूला मिळालेला.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो असा, की छर्रा भोवऱ्यासारखा फिरत असतो, मग एका बाजूचा ढकल दुसऱ्या बाजूने फिटणार नाही का? आक्षेप रास्त आहे, उत्तर आकड्यांत आहे. नळीतल्या खाचांचा पीळ साधारण ४५ सेंटिमीटरला एक फेरा असा धरला तर छर्रा सेकंदाला सुमारे ३८० फेरे घेतो. ऐकायला हे प्रचंड वाटते. पण झोताच्या क्षेत्रातला सगळा काळ अर्धा सहस्रांश सेकंद. तेवढ्यात छर्रा फिरतो जेमतेम एक पंचमांश फेरा, आणि झोत जोरात असतो त्या पहिल्या पाच सेंटिमीटरांत तर एक नवमांश. घेराची जी बाजू सुटताना वर होती ती झोत ओसरेपर्यंत जवळजवळ वरच राहते. फिरकीची खरी मदत पुढच्या प्रवासात होते. तोंडाशी ती फार उशिरा पोचणाऱ्या पाहुण्यासारखी आहे.

आता मूळ मुद्द्याचा हिशेब करू. तो ढोबळ आहे, हे आधीच सांगतो, पण त्याची पायरी न् पायरी तपासता येते. झोताची घनता बाहेरच्या हवेच्या अडीचपट, छर्ऱ्याच्या तुलनेत त्याचा वेग सेकंदाला २५० मीटर आणि जोराचा काळ ०.३ सहस्रांश सेकंद, एवढे मानू. छर्ऱ्याच्या पाठीवर त्याचा दाब पडून पुढचा वेग वाढतो सेकंदाला सुमारे ०.८ मीटर. ही वाढ स्वतः निरुपद्रवी आहे: वेगात एक मीटरचा फरक पडला तर दहा मीटरवर उंचीत ०.२ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि इथे तर फरक पूर्ण ०.८चा नसून त्यातल्या शॉटागणिक चढउताराचा, म्हणजे त्याच्याही अल्प अंशाचा आहे. पण छर्रा किंचित कललेला असेल, तर या ढकलण्याचा एक हिस्सा, कलाच्या प्रमाणात, आडवा लागतो. ०.८ मीटरपैकी चार मिलिमीटर आडवे व्हायला कल किती हवा? दोनशेत एक. साडेपाच मिलिमीटर लांबीच्या छर्ऱ्याचे एक टोक ०.०३ मिलिमीटरहूनही कमी सरकलेले असले की हा कल होतो. केसाच्या निम्म्या जाडीएवढाही नाही. शिसे मऊ, घेर पातळ, डबीत हजारोंनी एकमेकांवर आपटणारे छर्रे, बोटाने नळीत बसवताना एका बाजूला पडणारा दाब: एवढा कल छर्ऱ्यात असणे ही नवलाची गोष्ट नाही, नसणे ही आहे.

शाळेतल्या गणिताच्या भाषेत बोलायचे तर छर्ऱ्याचा कल हा गुण्य आणि झोत हा गुणक. शॉटाची चूक हा गुणाकार. कल शून्य असेल तर झोत कितीही असो, उत्तर शून्य. झोत शून्य असेल तर कल कितीही असो, निदान या कारणापुरते उत्तर शून्य. बेरजेचा हिशेब असता तर स्ट्रिपर लावल्याने प्रत्येकाला सारखाच फायदा झाला असता. गुणाकाराचा हिशेब असल्यामुळे तो कुणाला भरपूर होतो, कुणाला मुळीच होत नाही. महागडे, एकाच साच्यातले, एकेक निवडून घेतलेले छर्रे वापरणाऱ्याला स्ट्रिपर दागिना वाटतो, कारण त्याने गुण्यच जवळजवळ शून्यावर आणलेले असते. साध्या डबीतले छर्रे वापरणाऱ्याला तो चमत्कार वाटतो. स्प्रिंगच्या रायफलमध्ये दट्ट्या एका ठरावीक, थोड्या हवेलाच दाबतो. छर्रा तोंडाशी येईपर्यंत ती बरीच पसरून दमलेली असते, म्हणून तिथे गुणकच लहान, आणि तिथे स्ट्रिपरची मातब्बरी कमी.

याला जुना पुरावा आहे, तोही बारुदाच्या रायफलचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी आयुष्यातला मोठा काळ गोळीच्या उड्डाणाच्या प्रयोगांत घालवला आणि १९०९ साली त्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गोळ्या मुद्दाम विद्रूप करून त्यांनी झाडून पाहिल्या. टोक खराब झालेल्या गोळीपेक्षा बूड खराब झालेली गोळी जास्त भरकटते, हा त्यातला एक ठळक निष्कर्ष. उड्डाणभर समोरच्या हवेला तोंड देते ते टोक. नळीबाहेर बुडाला वायू जोराने भिडतो तो फक्त तोंडाशी, सुटकेच्या वेळी. तरीही बुडाचा दोष भारी पडतो. गोळीच्या सगळ्या प्रवासापेक्षा तोंडाचा तो क्षण अधिक महाग आहे, असा याचा एक अर्थ निघतो. एक, असे मी जपून म्हणतो. बूड तासले की गोळीचा तोलही बदलतो, आणि त्या दुसऱ्या कारणाकडे मला आता वळायचेच आहे.

कारण सगळ्यांत बळकट आक्षेप तोच आहे. बेंजामिन रॉबिन्स हे बंदुकीच्या विज्ञानाचे आद्य पुरुष. १७४२च्या त्यांच्या ग्रंथाने गोळीचा वेग झुलत्या लंबकाने मोजायला शिकवले. शेवटी ते ईस्ट इंडिया कंपनीचे अभियंता म्हणून भारतात आले आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारले. गोळी वाट का सोडते याचे उत्तर त्यांनी तिच्या फिरण्यात शोधले, आणि ती फिरकी नळीच्या आतच तिला लागते असे दाखवले. त्यांच्या वाटेने जाणारा आजचा अभ्यासक म्हणेल: झोताची एवढी खटपट कशाला? छर्ऱ्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून किंचित बाजूला असला की पुरे. नळीत त्याला नळीच्या अक्षाभोवती फिरावे लागते. सुटताच तो गुरुत्वमध्य गोफणीतल्या दगडासारखा स्पर्शरेषेने निसटतो. ३८० फेऱ्यांना एक मायक्रॉनची विषमता सेकंदाला सुमारे २.४ मिलिमीटरचा आडवा वेग देते. म्हणजे आपले ते चार मिलिमीटर मिळायला पावणेदोन मायक्रॉन पुरतात, केसाच्या जाडीचा चाळिसावा भाग.

हा हिशेब मला मान्य आहे. इतकेच नव्हे, चांगल्या रायफलमध्ये गुरुत्वमध्याची चूक ही झोताच्या चुकीपेक्षा मोठी असण्याची शक्यताच जास्त, हेही मान्य आहे. पण मोठे कारण सापडल्याने लहान कारण नाहीसे होत नाही. शिवाय या दोन कारणांना वेगळे काढण्याची एक सोपी वाट आहे आणि ती स्ट्रिपरमधूनच जाते. गुरुत्वमध्याची चूक नळीच्या आत ठरून गेलेली असते. तोंडापुढे शंकू लावा, काढा, तिला काही कळत नाही. कलाची चूक मात्र झोताबरोबर कमी-जास्त होते. आता समजा, छर्ऱ्यांच्या घेराला एकाच ठिकाणी सारखा चिमटा काढला आणि तो चिमटा नेहमी वर येईल असे छर्रे नळीत बसवले. दोन्ही सिद्धांतांप्रमाणे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा शॉटांचा पुंजका, फाटणार नाही, एका बाजूला सरकेल. चिमटा उजवीकडे ठेवून झाडले तर सरकण्याची दिशाही काटकोनात फिरेल. इथपर्यंत दोघांचे भाकीत एकच. मग स्ट्रिपर लावायचा. सरकणे जसेच्या तसे राहिले तर रॉबिन्सच्या वाटेचा अभ्यासक जिंकला. ते आखडले, तर जेवढे आखडले तेवढे झोताचे आणि उरले ते गुरुत्वमध्याचे. दोन कारणांतला वाद एका कारणाला मधूनच बंद करून सोडवता येतो, अशी संधी बाह्य गतिशास्त्रात सहसा मिळत नाही. स्ट्रिपरला उपकरण म्हणून जी किंमत आहे ती मला त्याच्या अॅक्सेसरी म्हणून असलेल्या किमतीपेक्षा जास्त वाटते.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो: शंकू लावल्याने नळीच्या टोकाला वजन वाढते, नळीचे कंपन बदलते, आणि सुधारणा झालीच तर ती त्या वजनाची. हाही खोडून काढण्यापेक्षा प्रयोगात बांधून घेणे बरे. त्याच वजनाची, पण पुढे शंकू नसलेली कडी त्याच जागी बसवून तुलना केली की वजनाचा वाटा उघडा पडतो. अशी कडी न लावता, नुसता स्ट्रिपर लावून आणि काढून केलेली कोणतीही तुलना या बाबतीत मुकी असते. आखूड, जाड आणि कमी शक्तीच्या नळीत कंपनाचा वाटा मोठा असेल असे मला वाटत नाही. पण वाटणे हा पुरावा नव्हे, म्हणून कडी हवीच.

नळीच्या तोंडाच्या कडेविषयी, म्हणजे क्राउनविषयी, मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण नेमबाजांच्या मनात तिच्याविषयी भीती आहे आणि ती भीती काहीशी चुकीच्या जागी आहे. क्राउनला एक बारीक टोचा बसला, दहावा हिस्सा मिलिमीटर खोल, की तिथून हवा आधी सुटते आणि छर्ऱ्याला एका बाजूने धक्का बसतो, असे सांगितले जाते. आधी म्हणजे किती आधी? छर्रा तो दशांश मिलिमीटर ओलांडतो सुमारे ०.६ मायक्रोसेकंदात. त्या चिरेतून पाच वातावरणांच्या दाबाने हवा निसटली असे धरले तरी तिचा आडवा धक्का, माझ्या हिशेबाने, आपल्या त्या चार मिलिमीटरांसाठी लागणाऱ्या धक्क्याच्या दोनशेव्या हिश्शाच्या आसपास येतो. शिवाय टोचा प्रत्येक शॉटला त्याच जागी असतो. जी चूक दर वेळी एकाच दिशेला, एकाच मापाची होते ती नेमबाजाची शत्रूच नाही. साइटचे दोन-चार क्लिक फिरवले की ती संपते. मग खराब क्राउनने ग्रुप फुटतो हा अनुभव खोटा का? नाही. पण त्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे. टोच्याबरोबर बहुतेक वेळा धातूची एक सूक्ष्म बूर उभी राहते, आणि ती मऊ शिशाच्या घेराला सुटता सुटता खरवडते. घेर जिथे जाड तिथे जास्त, पातळ तिथे कमी. प्रत्येक छर्ऱ्याला वेगळा कल देऊन ती त्याला झोताच्या हवाली करते. म्हणजे ती गुण्य वाढवते आणि गुणाकार झोत करतो. याच न्यायाने, अक्षापासून किंचित सरकलेला स्ट्रिपर नुसता ग्रुप सरकवतो, पण छर्ऱ्याला घासणारा स्ट्रिपर ग्रुप उद्ध्वस्त करतो. शंकूचे भोक छर्ऱ्याहून थोडे मोठे असावे लागते ते यासाठी. शंकू फार जवळ आणला तर हवा आदळून परत फिरते, फार दूर नेला तर झोताने आपले काम आधीच उरकलेले असते. त्यामुळे अंतर छर्ऱ्याच्या लांबीच्या आसपास राखून पुढे-मागे करून पाहावे लागते. त्यापुढचे सूत्र कुणी सांगितले तर मी साशंक राहीन.

कुणी असेही म्हणेल, की झोत एवढा महत्त्वाचा असता तर आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या रायफलींना स्ट्रिपरवाचून एवढे गुण कसे मिळतात? रायफलच्या नियमांत नळीला किंवा जोडनळीला भोके पाडायला आणि धक्का शोषणारी तोंडे बसवायला बंदी आहे. बारा फूट-पाउंडांच्या, म्हणजे सुमारे १६ ज्यूलच्या रायफलने जवळपास ५० मीटरपर्यंत झाडायच्या फील्ड टार्गेट प्रकारात मात्र स्ट्रिपर सर्रास दिसतात. या फरकातही मला गुणाकारच दिसतो. दहा मीटरच्या खेळाडूला गुणकाला फारसा हात लावता येत नाही, म्हणून त्याने सगळी शक्ती गुण्यावर लावली आहे: मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकाने छर्ऱ्याच्या डोक्याचे माप निवडायचे, नळी शिकंज्यात धरून एकेका बॅचची चाचणी घ्यायची, चांगली बॅच सापडली की डबे भरून ठेवायचे. दुसरीकडे शक्ती दुप्पट, झोत जोरदार, अंतर पाचपट. तिथे गुणकाला आवर घालणे स्वस्त पडते.

मग इतक्या वर्षांत हा प्रश्न सुटला का नाही? मला वाटते, पाच शॉटांच्या ग्रुपमुळे. स्वतंत्र कारणांनी होणाऱ्या पसाऱ्यांची बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते. गुरुत्वमध्य, नेमबाजाचा हात आणि बाकी सगळे मिळून पसारा एक मिलिमीटर आणि झोताचा एकट्याचा अर्धा मिलिमीटर असेल, तर एकूण दीड होत नाही, १.१२ होतो. स्ट्रिपरने झोताचा वाटा मुळापासून काढून टाकला, अगदी एकही अंश उरू दिला नाही, तरी १.१२चा १ होईल. सुधारणा दहा-अकरा टक्के. आणि पाच शॉटांवरून काढलेल्या पसाऱ्याच्या मोजमापात स्वतःचीच अनिश्चितता पंचवीस टक्क्यांच्या घरात असते. दहा टक्क्यांचा फरक या चाळणीत सापडावा कसा? सापडला असे ज्याला वाटते त्याला बहुधा नशिबाने हात दिलेला असतो, आणि नाही सापडला म्हणणाऱ्याचा हात त्याच नशिबाने सोडलेला असतो. दहा टक्क्यांविषयी काही भरवशाने बोलायचे तर दोन्ही बाजूंनी दोनशे-दोनशे शॉट झाडावे लागतील, तेही दोन्ही प्रकार आलटून पालटून, म्हणजे सकाळची थंड नळी एकाच्या वाट्याला आणि दुपारची दुसऱ्याच्या, असे व्हायला नको. इतका कंटाळवाणा प्रयोग करण्यापेक्षा मत बाळगणे सोपे असते.

शेवटी एका सुंदर पुराव्याबद्दल. शेकडो शॉट झाडलेल्या नळीच्या तोंडाकडे नीट पाहिले तर क्राउनवर शिशाच्या आणि तेलाच्या करड्या धुरकट रेषा फाकलेल्या दिसतात; आत जितक्या खाचा तितक्या पाकळ्या, असे ते फूल असते. पाकळ्या सारख्या असल्या की नळी चांगली, एखादी लांबली की झोत वाकडा, असे निदान त्यावरून केले जाते, आणि नळीपुरते ते चुकीचे नाही. पण ते फूल शेकडो झोतांचे एकावर एक बसलेले चित्र आहे. एका छर्ऱ्याचा डावीकडचा कल आणि पुढच्याचा उजवीकडचा त्यात एकमेकांना पुसून टाकतात; दर शॉटला सारखा असणारा, साइटने सुधारता येणारा भाग तेवढा त्या पाकळ्यांत उमटतो. ज्या भागाने १०.९चा १०.३ होतो, तो त्या फुलात कधीच उमटत नाही.